चित्राखालची बटणं

९ जानेवारी, सोमवार

आज अकरा मुलं. अकराव्याच्या वेळी मीच जांभया देत होते आणि तो बिचारा माझ्याकडे दयेने बघत होता.

पाय सुजलेत. ह्या वर्षी शाळेने खोली दिली आहे ती जिन्याखालची. मधली सुट्टी झाली की सगळी शाळा माझ्या डोक्यावरून धावते — आणि त्यात बसून मी तपासते काय, तर मुलांना शब्दांतले आवाज कळतात का! घरी येऊन हे ह्यांना सांगितलं तर हे इतके हसले की मांडीवरचं शब्दकोडं खाली पडलं.

तीच पेटी, तीच बटणं. चित्र दाखवायचं. मुलाने मनातल्या मनात त्याचं नाव घ्यायचं आणि नावात जितके आवाज ऐकू येतील तितकी बटणं चित्राखाली ओळीने मांडायची. मी चकार शब्द काढायचा नाही. हा नियम माझाच — बोललं की मुलं आपल्या ओठांवरून उत्तर उचलतात. सव्वीस वर्षं झाली नियम करून. आता मार्चअखेर निवृत्ती. तोवर पाट्या टाकायच्या.

१० जानेवारी, मंगळवार

पहिलीतली एक मुलगी आली. सहा वर्षांची. खुर्चीवर बसायच्या आत माझ्या टेबलावरच्या सगळ्या वस्तूंची चौकशी झाली. हे काय, ते कशाला, चष्मा दोन का. बटणं मांडते तीही एकाला एक चिकटवून, मुंग्यांच्या रांगेसारखी. मी मनात तिचं नाव मुंगी ठेवलं.

वीस चित्रं. चार बरोबर. चार! एवढी चुरुचुरु बोलणारी पोर आणि चार. बरं, अडखळलीही नाही कुठे. भराभर मांडत गेली आणि भराभर चुकत गेली.

वर्गशिक्षिकेला विचारलं. ती म्हणाली, घरी दिवसभर आजी असते, आजीची भाषा वेगळी. आईबापांना कामावरून वेळ नाही. शाळेची भाषा पोरगी शाळेत येऊनच नीट शिकली. दोन भाषांत गोंधळली आहे, दुसरं काय.

मी मान डोलावली. नेहमीचंच.

१२ जानेवारी, गुरुवार

मुंगीच्या घरच्यांना बोलावलं होतं. बाप लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, तसाच ग्रीसच्या हातांनी आला. बरोबर आजी, म्हणजे त्याची आई. मुंगीची आई रुग्णालयाच्या धुलाईखात्यात आहे, तिला सुट्टी मिळाली नाही.

मी माझी टेप लावली. शब्दातले आवाज सुटे करता आले नाहीत तर पुढे वाचन अडतं. दोन भाषा कानावर पडल्या की मूल गोंधळतं. तेव्हा वाचता येईपर्यंत घरात फक्त शाळेची भाषा. मग सल्लापत्रक दिलं. चौथा मुद्दा — ‘घरात एकच भाषा बोलावी.’ हे पत्रकही माझंच, नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिलेलं. तेव्हा काय उत्साह होता!

एरवी बाप लोक हुज्जत घालतात. ह्याने घातली नाही. ‘माहीत आहे,’ एवढंच म्हणाला. आईला त्याने समजावून सांगितलं तेही शाळेच्याच भाषेत, सावकाश आणि जरा मोठ्याने, ऐकायला कमी येणाऱ्या माणसाशी बोलतात तसं. तिला ऐकायला चांगलं येत होतं. तिने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग कागदाच्या चार घड्या घालून पिशवीत ठेवला.

असे शहाणे पालक भेटले की दिवस सोपा जातो.

१९ जानेवारी

घसा पार बसला. बोलायचं नाही हा नियम आज आपोआप पाळला गेला.

३० जानेवारी, सोमवार

समितीचं पत्र आलं. २४ फेब्रुवारीला बैठक. वेगळ्या वर्गासाठी नावं द्या.

वेगळा वर्ग म्हणजे मैदानापलीकडच्या दोन खोल्या. तिथल्या बाई प्रेमळ आहेत, भिंतींवर चित्रं आहेत, सगळं आहे. पण तिथून परत आपल्या वर्गात आलेली मुलं सव्वीस वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजावीत. बाकीची तिथेच मोठी होतात आणि मग लोक म्हणतात, बघा, तिथलीच होती.

पाच नावं लिहिली. मुंगीचं तिसरं. लिहून झाल्यावर चहा प्यायले. चहा निवला होता.

६ फेब्रुवारी, सोमवार

समितीपुढे नाव जायचं तर फेरचाचणी लागते. आज मुंगीची घेतली.

आली, बसली, बटणं मांडली, गेली. चष्म्याची चौकशी नाही, काही नाही. जाताना खुर्ची आत सरकवली! महिन्याभरापूर्वी हीच मुलगी खुर्चीवर उकिडवी बसत होती. वर्गशिक्षिका म्हणते, सुधारली, आता अजिबात बडबड करत नाही.

पुन्हा वीसपैकी चारच.

घरी आल्यावर दोन्ही चाचण्यांचे कागद शेजारी ठेवून उतरवून काढत होते. अर्ध्यावर हात थांबला. सोळा चुका — आणि सोळाच्या सोळा त्याच! जिथे पाच बटणं हवीत तिथे तेव्हा तीन मांडली होती, आजही तीन. जिथे चार हवीत तिथे तेव्हा सहा, आजही सहा. सव्वीस वर्षं मी दुसरं काही बघितलं नाही, मुलांच्या चुकाच बघितल्या. चुकणारं मूल दर वेळी वेगळं चुकतं. अंदाजाने मांडतं, आज तीन तर उद्या पाच. ही अंदाज करत नाहीये.

ह्यांना दाखवलं. ह्यांनी कोड्यातून मान वर काढली, म्हणाले, ‘मग ती चुकत नसेल.’ आणि परत मान खाली.

इतका राग आला. ह्या माणसाला काय कळतंय त्यातलं!

७ फेब्रुवारी

ह्यांना कळतंय.

मुंगीला पुन्हा बोलावलं. नियम मोडला — सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, बटणं मांडताना मनात काय म्हणतेस ते मलाही ऐकव. तिने आधी दाराकडे बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, ‘तो शब्द आजीचा आहे.’

‘असू दे की. म्हण.’

‘आजीचं बोलायचं नाही. घरी पण नाही.’

‘कोण म्हणालं असं?’

ती माझ्याकडे बघत राहिली. मला खरोखरच कळलं नाही ती काय बघतेय.

‘तुम्ही,’ ती म्हणाली.

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. आजीला शाळेची भाषा मोडकीतोडकी येते. बोलताना चुकते, आणि आपलं चुकलेलं पोरीच्या तोंडात बसेल म्हणून आता तीही बोलत नाही. हाताने दाखवते. जेवायला ये, पाय धू, झोप. बाकी वेळ दोघी खिडकीत बसतात. गप्प. महिना होत आला.

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. चित्रावर नाव लिहिलेलं नाही. मी तोंडाने सांगत नाही. तिच्या मनात पहिलं नाव येतं ते आजीचं, आणि ती त्या नावाचे आवाज मोजते! मी मात्र तपासते शाळेच्या नावाने. नियम माझा. बावळटपणाही माझाच.

पण हे नुसतं वाटणं झालं. त्या भाषेतला मला एक शब्द येत नाही.

८ फेब्रुवारी

आज मुंगीला कुठल्याच भाषेतले नसलेले शब्द दिले, मनाने रचलेले. गटाफू, मिलोप, असले. हे मात्र तोंडाने सांगितले. पहिल्याच शब्दाला हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. हसत हसत बटणं मांडली. दहापैकी नऊ बरोबर. वर्गातल्या सगळ्यात हुशार दोन मुलांना तेच शब्द दिले. एकाचे सहा आले, दुसऱ्याचे पाच.

तीनेक वर्षांपूर्वी एका उजळणीवर्गाला पाठवलं होतं आम्हाला. दुपारचं व्याख्यान, मी अर्धी झोपेत. आज माळ्यावरून ती वही काढली. माझ्याच अक्षरात आहे — ज्या मुलाकडे एका वस्तूला दोन नावं असतात त्याला लवकर कळतं की नाव वस्तूला चिकटलेलं नसतं. सोडवून घेता येतं, उलटसुलट करून बघता येतं, त्याचे तुकडे करता येतात. सगळ्याच मुलांचं असं होतं असं नाही, भाषा कुठल्या त्यावरही आहे, पण पुष्कळांचं होतं. एका भाषेत तपासलं तर मात्र

इथे वाक्य संपलंय. पुढे वाणसामानाची यादी.

११ फेब्रुवारी, शनिवार

मुंगीच्या घरी जाऊन आले. तिसरा मजला. लिफ्टवाल्याच्याच इमारतीची लिफ्ट बंद! गुडघे धरून चढले.

तो कामावर होता. मुंगीच्या आईने दार उघडलं, रात्रपाळी करून आलेली, डोळे तारवटलेले. आजी कपड्यांच्या घड्या घालत होती. मला बघून उठून उभी राहिली, मी पोलीस असल्यासारखी. बस म्हटलं तरी बसेना. मी मुंगीच्या आईला सगळं सांगितलं, पेटीतून चित्रं काढली, म्हटलं, आजींनी फक्त प्रत्येकाचं नाव सांगायचं आहे त्यांच्या भाषेत. मला ती येत नाही. तुम्हाला येते का? ती म्हणाली, मला नाही येत, आणि मुंगीच्या बाबांनाही नाही येत. त्यांची लहानपणीच सुटली.

कशी सुटली ते मी विचारलं नाही. दम लागला होता.

आजीच्या तोंडाला कुलूप. मी समजावलं, सुनेने समजावलं, मुंगीने हात धरून ओढलं. काही नाही. शेवटी ती शाळेच्या भाषेत म्हणाली, ‘कागदावर लिहा.’

मला वाटलं, तिला काहीतरी वेगळं म्हणायचंय. पण नाही, तेच म्हणायचं होतं. ‘बोलायचं, असं लिहा. खाली सही.’

वहीचं पान फाडलं आणि लिहिलं — आजीने नातीशी आपल्या भाषेत बोलावं. सही, तारीख. तिने एकेका शब्दाखाली बोट धरून वाचलं, चार घड्या घातल्या, आत जाऊन ठेवून आली.

आणि मग जी बोलायला लागली! चित्रांची नावं राहिली बाजूला, आधी मुंगीशीच काय काय बोलत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मुंगी मध्येच हसायची, मध्येच तिला दुरुस्त करायची. सून दाराला टेकून ऐकत होती, न कळणारं. मीही.

मग चित्रं. आजीने नाव घ्यायचं, मुंगीने बटणं मांडायची, मी जुन्या कागदावर बोट ठेवून बघायचं. तीन — तीन. सहा — सहा. एका चित्रावरून दोघींचं वाजलं, आजी म्हणे चार, मुंगी म्हणे पाच. आजीने तोच शब्द सावकाश दोनदा म्हणून बघितला आणि एक बटण स्वतःच्या हाताने वाढवलं. सोळाच्या सोळा जुळली. जी चार मी बरोबर धरली होती त्यांचे आवाज दोन्ही भाषांत तितकेच निघाले, नुसता योगायोग. म्हणजे वीसपैकी वीस. दोन्ही वेळा.

जिना उतरताना रडू आलं. दुसऱ्या मजल्यावर जरा वेळ बसले.

१३ फेब्रुवारी, सोमवार

खात्याच्या साहेबांकडे गेले. आमच्या साहेबांना कागद आला की आधी शिक्का आठवतो. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, गुण तर चाचणीच्या कागदावर आहेत तेच धरावे लागतील, हवं तर सहा महिन्यांनी पुन्हा घेऊ. सहा महिन्यांनी ती मैदानापलीकडे असेल हे त्यांनाही ठाऊक आहे. मग मी पत्रकाचं काढलं. चौथा मुद्दा काढून टाका म्हटलं.

‘अहो, दीड महिन्याने सुटताय. कशाला उकरून काढता?’

म्हटलं, चुकलंय म्हणून.

‘म्हणजे सव्वीस वर्षं चुकलं असं होईल. लोक विचारतील.’

‘विचारू देत,’ मी म्हणाले.

म्हणाले खरी. पण इथे खोटं कशाला लिहू — मनात कुठेतरी वाटत होतं, साहेबांनी ठाम नाही म्हणावं. म्हणजे मी माझं केलं, आता घरी जाऊन पडते, असं म्हणता आलं असतं. ते नेमकं म्हणाले, समितीपुढे तुम्हीच बोला.

१६ फेब्रुवारी

कामात लक्ष नाही. ज्या ज्या घरी ते पत्रक गेलं ती आठवायचा प्रयत्न करते. चेहरे येत नाहीत. बटणं तेवढी दिसतात.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

गुडघा. आज खुर्चीवरून उठले नाही. हे चहा करून देतात, वर कोडंही देतात. ‘आडवे सात, तीन अक्षरी’ वगैरे. डोकं चालत नाही. एकदा म्हणाले, तू नाही गेलीस तरी जग बुडणार नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, बरं बरं, रिक्षा सांगून ठेवतो.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

समिती. पाच माणसं, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. मी तयार केलेलं भाषण सुरू केलं आणि तिसऱ्या वाक्याला बघितलं तर दोघे फोनमध्ये. सव्वीस वर्षांत मला एवढंच येतं — पेटी उघडली. पाचही जणांपुढे बटणं ओतली, चित्र धरलं, म्हटलं, मांडा.

चौघांनी मांडली. पाचवे एक वयस्कर गृहस्थ, बैठकीत कधी बोलत नाहीत. त्यांना विचारलं, तुमच्या आई काय म्हणायच्या ह्याला? त्यांनी नाव घेतलं. शाळेच्या भाषेतलं नव्हतं. म्हटलं, त्या नावाची मांडा. त्यांनी सावकाश, ओठ हलवत, सहा मांडली.

‘चूक,’ मी म्हणाले. ‘चार हवीत. जा मैदानापलीकडे.’

कोणी हसलं नाही. मग अध्यक्षबाईंनी मुंगीचे कागद मागवून घेतले, आणि मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चूक माझी हे धरून.

मुंगी आपल्याच वर्गात राहणार. बाकीच्या चार मुलांपैकी तिघांच्या घरी दुसरी भाषा आहे. त्यांची चाचणी घरच्या माणसाला बसवून पुन्हा घ्यायची. पत्रकातला चौथा मुद्दा एप्रिलपासून जाणार.

घरी येऊन जेवले आणि भरदिवसा झोपले. पलंगावर पडले तेव्हा शूजही काढले नव्हते, ह्यांनी काढले असावेत.

२७ फेब्रुवारी

मुंगी आज जिन्याखालच्या दारातून काहीतरी ओरडून पळाली. कळलं नाही. आजीचं असावं.

३ मार्च, शुक्रवार

लिफ्टवाला आला होता, समितीचा कागद न्यायला. कागद घेतला, पण उठेना. मग खिशातून दुसरा काढला. पिवळा पडलेला, चार घड्यांवर विरलेला. माझंच सल्लापत्रक, पण मुंगीचं नव्हे. खाली माझी सही, तेव्हाची, लफ्फेदार. वर मुलाचं नाव, वय वर्षे सहा. नाव त्याचं.

‘आईने जपून ठेवलाय,’ तो म्हणाला. ‘त्या दिवसापासून ती माझ्याशी तिच्या भाषेत बोललेली नाही. मला येतच नाही ती. आजी काय म्हणाली ते आता मुलगी मला सांगते.’

त्याने कागद माझ्यासमोर सरळ केला.

‘आई म्हणते, हाही रद्द करून द्या.’

आडवी रेघ मारली. सही केली, तारीख घातली. घड्यांवर फाटू नये म्हणून कागद त्याने दोन्ही बाजूंनी धरला. तो बत्तीस वर्षांचा आहे.